सड्यावरच्या इमारती आणि आपला जनरेटर
(सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी. रविवार सकाळ)

सावंत काका (सेक्रेटरी): सुप्रभात. टाकी धुणार, ११ ते १ पाणी बंद. दुसरं, मागच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) बोर्ड लागलाय. नऊ इमारती, ५०० फ्लॅट, बांधकाम ६२,००० चौ.मी. जनसुनावणी कधी आहे ते कुणाला कळलं का?

मृणाल बी-२०३: काका, सुनावणी होणारच नाही. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार २०,००० चौ.मी.च्या वर पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे. बंदर किंवा औष्णिक प्रकल्प असता तर प्रदूषण मंडळाने घेतली असती.

अण्णा: म्हणजे आपण नुसतं बघत बसायचं?

मृणाल: नाही. मंजुरीचे अर्ज तपासणाऱ्या राज्याच्या समितीला लेखी कळवता येतं. त्याच अधिसूचनेतल्या फॉर्म १ अ मध्ये बिल्डरला विचारलंय की प्रकल्पामुळे हवेतल्या वायूंचं प्रमाण वाढेल का, दर चौरस फुटाला वीज किती लागेल, बॅकअप किती क्षमतेचा, साहित्य बनवायला ऊर्जा जास्त लागते का. पण या सगळ्याची बेरीज करून "वर्षाला इतके टन कार्बन डायऑक्साइड" असं एका ओळीत लिहा, असं कुठे म्हटलेलं नाही. मग "ऊर्जाबचतीची साधने वापरली जातील" एवढं वाक्य टाकलं की काम झालं.

शिर्के वहिनी: बाळा, वायूबियू राहू दे. सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपून आपल्या विहिरीला येतं. वर काँक्रीट पडलं की मे महिन्यात टँकर. पत्रात ते आधी लिही.

मृणाल: बरोबर वहिनी, पाणी पहिला मुद्दा. वायू दुसरा.

राहुल ए-१०१: पण मोजणार कसं? मशीन लावून?

मृणाल: मशीन नको, गुणाकार पुरे. फ्लॅटमागे महिना २०० युनिट धरू, एसीवाले जास्तच जाळतील. ५०० × २०० × १२ = १२ लाख युनिट. आपल्याकडची वीज बरीचशी कोळशावरची, त्यामुळे युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला ८४० टन. आणि हे वर्षानुवर्षं. सिमेंटचं वेगळं. भट्टीतला कोळसा तर जळतोच, पण चुनखडी तापली की त्या दगडातूनही वायू सुटतो. टन सिमेंटला अर्ध्या टनाहून जास्त.

अण्णा: आमच्या आज्याचं चिऱ्याचं घर बरं होतं. खाणीतून चिरा काढला, गाडीवर घातला, झालं.

सावंत काका: अण्णा, गळायचं पण ते 😄

राहुल: आपल्या जनरेटरचं पण काढ ना. पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा दिवसाला पाच तास चालतो.

सावंत काका: तासाला सहा लिटर डिझेल. गेल्या पावसाळ्यात अंदाजे २०० तास.

मृणाल: लिटरभर डिझेल जाळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. १,२०० लिटर × २.६८ = ३.२ टन.

अण्णा: हे काही पटत नाही. लिटर डिझेल एक किलोचंही नाही, धूर पावणेतीन किलोचा कसा?

मृणाल: 😀 अण्णा, विचारलंत ते छान. लिटरभर डिझेलमध्ये ७२० ग्रॅमच्या आसपास कार्बन असतो. जळताना प्रत्येक कार्बनला हवेतले दोन ऑक्सिजन चिकटतात. १२ वजनाच्या कार्बनचं ४४ वजनाचं कार्बन डायऑक्साइड होतं. जादाचं वजन हवेतनं येतं.

अण्णा: अस्सं! शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. (किंवा मी आंब्यावर होतो.)

राहुल: बिल्डर म्हणेल ५०० झाडं लावतो.

मृणाल: मोठं झाड ढोबळमानाने वर्षाला वीसेक किलो शोषतं. ५०० झाडं म्हणजे १० टन, तीही मोठी झाल्यावर. ८४० समोर ठेवून बघ. म्हणून पत्रात झाडं मागायची नाहीत. छतावर सौर पॅनेल किती, जनरेटर किती केव्हीएचे (म्हणजे किती क्षमतेचे), दक्षिण-पश्चिम भिंतींना सावली आहे का, असे आकडे मागायचे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२४ मध्ये सरे परगण्यातल्या तेलविहिरीबाबत हेच म्हटलं होतं: तेल काढताना होणारं उत्सर्जन पुरत नाही, ते पुढे जाळल्यावर होणारंही आधीच धरा. इमारतीलाही मला तोच न्याय लावावासा वाटतो. बांधकाम दोन-तीन वर्षांचं, वापर पन्नास वर्षांचा.

शिर्के वहिनी: विलायतेतलं कोर्ट इथे कोण मानणार?

मृणाल: बंधनकारक नाहीच. विचार म्हणून लिहू. पण मंजुरी मिळाली तरी विषय संपत नाही. दर १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. त्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

सावंत काका: कुणीतरी म्हणजे राहुल. घरून काम करतो.

राहुल: काका 🙏

शिर्के वहिनी: आधी आपल्या जनरेटरचा धूर माझ्या गॅलरीत येतो त्याचं बघा. पाइप वर चढवा म्हणून गणपतीपासून सांगत्येय.

सावंत काका: वहिनी, वेल्डर मिळाला की करतो. मृणाल, मसुदा कधी टाकतेस?

मृणाल: रात्री. पण मला डिझेलची बिलं पाहिजेत, ३.२ टन अंदाजावर लिहिणार नाही. फाईलमध्ये फक्त २०२३ ची सापडली.

सावंत काका: बाकीची वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये असतील. नाहीतर लिफ्टवाल्याच्या फाईलमध्ये. बघतो.