चॉकलेटच्या जोड्या जुळवून चाखण्याविषयी

प्रश्न

नमस्कार. येत्या रविवारी आम्ही नागपुरातील शेजारीपाजारी मिळून वेगवेगळी चॉकलेटे चाखून पाहण्याचा बेत करीत आहोत. अमूलचे ५५, ७५ आणि ९९ टक्के कोकोचे डार्क बार, त्यांचेच मादागास्कर व इक्वेडोरच्या कोकोचे बार, साधे मिल्क चॉकलेट आणि पांढरे मिल्कीबार एवढा ऐवज जमला आहे. हे कोणत्या क्रमाने चाखावे? दोन प्रकारांचे तुकडे एकाच घासात घेऊन पाहायचे असल्यास त्याला काही धरबंध आहे, की वाटेल ते वाटेल त्याच्याशी जुळवावे? ९९ टक्क्यांचा बार नुसता खाण्यास कोणीही राजी नाही.

प्रतिसाद १

जीभ ताजी असताना मादागास्कर आणि इक्वेडोर शेजारीशेजारी घ्यावेत, कारण त्यांच्यातला फरक सर्वांत नाजूक आहे. त्यानंतर ५५, ७५, मग मिल्क व पांढरे, आणि ९९ अगदी शेवटी, कारण त्याचा तुरटपणा जिभेवरून लवकर उतरत नाही. तुकडा आधी मोडून त्याचा वास घ्यावा, दोनतीनदाच चावावा आणि मग टाळूशी धरून विरघळू द्यावा. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून किंचित कमी तापमानाला वितळते. त्यामुळे भराभर चावून गिळणाऱ्याला साखर व कडवटपणा यांपलीकडे फारसे काही कळत नाही. मादागास्करच्या कोकोत करवंदासारखा आंबटपणा असतो, तर इक्वेडोरचा कोको फुलांच्या मंद वासासाठी नावाजलेला आहे. मध्ये कोमट पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे ठेवावेत. गार पाण्याने तोंडातले कोको बटर थिजते आणि पुढच्या चवीवर त्याचा थर राहतो.

प्रतिसाद २

वरील क्रमाशी मी सहमत आहे, पण मिल्क व पांढरे चॉकलेट डार्कनंतर ठेवल्यास ते निव्वळ गोड लागतात, म्हणून लहान मुले असतील तर ते वेगळ्याच फेरीत घ्यावेत.

आता जोड्यांविषयी. पांढऱ्या चॉकलेटात कोको बटर, दूध आणि साखर असते, पण कोकोची भुकटी मुळीच नसते. ९९ टक्क्यांत साखर जवळजवळ नसते. एकात जे नाही ते दुसऱ्यात भरपूर आहे, म्हणून ९९चा एक भाग आणि मिल्कीबारचे दोन भाग ही जोडी हमखास जमते. मात्र दुधातल्या स्निग्धांशामुळे पांढरे व मिल्क चॉकलेट लवकर मऊ होते आणि डार्क मागे राहते. दोन्हींचे सारखेच जाड तुकडे घेतले तर आधी नुसती गोडी आणि नंतर नुसता कडवटपणा, असे दोन वेगळे घास होतात. त्यासाठी डार्क सुरीने पातळ तासून घ्यावे.

आणखी एक गंमत करून पाहावी. ५५ आणि ९९ समसमान घेतल्यास हिशेबाने ७७ टक्के होतात. ती जोडी ७५च्या बाराशेजारी ठेवून चाखा. आकडा जवळपास तोच असूनही चव वेगळी लागू शकते, कारण टक्केवारीतून कोकोच्या बियांपासून आलेला एकूण अंश कळतो. त्या बिया कोणत्या, किती भाजल्या आणि किती आंबवल्या हे कळत नाही. मादागास्कर आणि ९९ ही जोडी मात्र मला मुळीच रुचली नाही; आंबट आणि तुरट एकमेकांवर चढतात.

प्रतिसाद ३

सुट्या वड्या आणणार असाल तर वेष्टनावरील घटक वाचून घ्यावेत. कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असलेले ‘कंपाउंड’ जिभेवर मेणासारखे राहते. ते खऱ्या चॉकलेटात वितळवून मिसळल्यास मिश्रण नीट घट्ट होत नाही आणि पुढे त्यावर पांढुरके डागही येतात. तोंडातल्या जोडीसाठी वितळवण्याच्या भानगडीत पडूच नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. सध्याच्या उन्हात बार बाहेर ठेवणे अशक्य आहे. फ्रिजमधून काढून लगेच चाखले तर चालेल का?

प्रतिसाद १

गार तुकड्याचा वासच येत नाही, त्यामुळे लगेच चाखू नये. बार हवाबंद डब्यात ठेवा, तासभर आधी डबा बाहेर काढा आणि आतील गारवा जाईपर्यंत झाकण उघडू नका. अन्यथा चॉकलेटवर दव धरते, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. खोली फारच तापत असेल तर बेत सकाळी आठ वाजताच उरकावा.