मदत हवी आहे: तुमच्या घरी चिऊ-काऊच्या गोष्टीचा शेवट कसा?

नमस्कार. नाशिकला सातवीच्या मुलांसाठी ‘गोष्ट कुठून आली’ असा तासाभराचा वर्ग घेते आहे. सुरुवात ठरली आहे: इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेतलं रानडुक्कर आणि त्याच्याभोवतीच्या माणसांसारख्या तीन आकृत्या. चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचं, म्हणजे लिपी जन्मायच्या कितीतरी आधीचं.

अडलंय पुढे. तोंडी गोष्ट वाटेत कशी बदलते, हे मुलांना आपल्याच गोष्टीतून ऐकवायचंय. मुलांच्या आज्यांकडून मोबाइलवर पाच रेकॉर्डिंग घेतली. ‘थांब, बाळाला तीट लावते’ सगळीकडे जवळपास तेच, शेवट मात्र वेगळे. सिन्नरच्या आजींचा काऊ चुलीपाशी ऊब घ्यायला बसतो आणि शेपूट भाजून पळतो. दिंडोरीच्या आजी दार उघडलं की थांबतात, पुढे काही नाहीच. मला तर हाच शेवट जास्त आवडला.

पाच कमी पडतात. छापील पुस्तकातलं नको, ते मी पाहिलंय. फक्त कानांनी ऐकलेलं हवं. अहिराणीत ऐकली असेल तर तशीच लिहा, भाषा सुधारू नका. वर्ग येत्या शनिवारी आहे.

तुमच्याकडे दार उघडल्यावर काऊचं काय होतं? आणि ते घरातल्या कुणी, कोणत्या गावात सांगितलं?