‘तोंड आवरा’ एवढं सांगायला शास्त्रज्ञ कशाला?

सकाळचा_फेरा: आमच्या पणजीतल्या मिरामारच्या चालण्याच्या गटात कुणीतरी लेख टाकला. कोलमन म्हणून शास्त्रज्ञ, अमेरिकेत मेन राज्यात १९५८ पासून १९९१ पर्यंत लठ्ठ उंदीर सांभाळत बसला. निष्कर्ष काय, तर भूक शरीर ठरवतं. अहो, आमची आई फुकटात सांगायची, दोन घास कमी खा आणि विहिरीचं पाणी ओढ. तेहेतीस वर्षं कशाला हवीत?

शीतकडी: काका, लेख वाचलात की नुसता मथळा? ‘सांभाळत बसला’ म्हणे! त्याच्याकडे दोन जातींचे लठ्ठ उंदीर होते, ओबी आणि डीबी. त्याने दोन-दोन उंदरांची कातडी शिवून जोड्या केल्या, एकाचं रक्त दुसऱ्यात जावं म्हणून. डीबीला धडधाकट उंदीर जोडला, तर तो समोर खाणं असून उपाशी मेला. ओबी जोडला, तर एवढा लठ्ठ असून तोही उपाशी मेला. डीबी मात्र खातच राहिला. म्हणजे डीबीच्या रक्तात ‘पुरे’ म्हणणारं काहीतरी भरपूर होतं, फक्त त्याला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं. ओबीला ऐकू येत होतं, पण त्याच्या अंगात ते तयारच होत नव्हतं. लोकांना पटायला वेळ लागला, कारण लठ्ठ म्हणजे हावरट हे तेव्हाही ठरलेलंच. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला फ्रीडमनच्या गटाला हा ‘पुरे’ म्हणणारा पदार्थ बनवणारा जीन सापडला. लेप्टिन. बनवते कोण, तर आपली चरबीच.

आणि हे उंदरांपुरतं नाही. केंब्रिजच्या डॉक्टरांकडे आठ वर्षांची एक मुलगी होती, वजन ८६ किलो. तिच्या अंगात लेप्टिनच नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि तिची भूक आवरली. तिला सांगायचं होतं का, बाये, विहिरीचं पाणी ओढ?

एवढं चिडायचं कारण सांगते. मी सातवीत असताना गणेशचवथीला माझ्या ताटातल्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आत्येने सगळ्यांदेखत मोजल्या. चार होत्या. माझ्या हडकुळ्या भावाच्या ताटात सहा. त्याच्या कुणी मोजल्या नाहीत.

पेडण्याचो_पावणो: वाईट वाटलं. पण मग लेप्टिनचं औषध बाजारात का चाललं नाही? बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच जास्त असतं, वरून टोचून उपयोग होत नाही. आणि आमच्या आजोबांचे जीन तेच, माझे तेच. तीस वर्षांत गोव्यातली पोटं का सुटली? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. पूर्वी सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं. आता मैद्याचा पाव. कोंड्यासकट पिठाचा आपला पाव, पोई, तीसुद्धा खोटी, वरून कोंडा भुरभुरलेला मैदा.

शीतकडी: जीन तेच, हे मान्य. खाणं बदललं, तेही मान्य. पण त्याच पावावर एक फुगतो आणि दुसरा फुगत नाही, याचं उत्तर कोण देणार, तुमची पेज?

पोदेराचो_नातू: थांबा! पोई खोटी कोण म्हणतो? आजोबा पहाटे तीनला भट्टी पेटवायचे, पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे. आता भट्टीवर राबायला माणूस मिळत नाही. पावाला रुपया वाढवला की तुम्हीच बोंब मारता. नव्वद रुपयांचा केक निमूट घेता.

पेडण्याचो_पावणो: विषय भरकटवू नका.

पोदेराचो_नातू: पोई कुणी काढली?

फोंड्याची_मास्तरीण: मी ५२ किलो, पोट सपाट, तरी साखर. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे युडकिन यांचा २००४ चा फोटो बघा. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या २१.२. म्हणून मला बघून ‘तुम्हाला कसा मधुमेह?’ विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

सकाळचा_फेरा: बरं, सगळे विद्वान एका बाजूला. त्या मुलीचं मानलं, तिला आजार होता. पण हजारांत अशी एक नसेल. बाकीच्यांनी तरी तोंड आवरावं की नाही?

शीतकडी: आवरावं ना. पण तुम्ही फेरा संपवून कुठे बसता ते मी पाहिलंय. भजी-पावाच्या गाड्यावर.

सकाळचा_फेरा: एकच प्लेट. तीही रविवारी.

शीतकडी: मोजली मी. दोन होत्या.

पोदेराचो_नातू: पाव कुठल्या भट्टीचा होता?

पेडण्याचो_पावणो: आज सकाळी मुद्दाम पोई फोडून पाहिली. आत पांढरीफेक. पाव विकणाऱ्या पोदेराला दाखवली, तर म्हणतो, ‘कोंडो भायर आसा न्हय?’ आणि भोंपू वाजवत गेला पुढच्या घरी.