फॉगिंग करूनही थीम पार्कमधले डास हटत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एका मोठ्या थीम पार्कच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे, तळं, धबधबे, पाण्याच्या घसरगुंड्या, दाट झाडी असं सगळं आहे आणि डासांनी अगदी उच्छाद मांडलाय. संध्याकाळचं सोडा, भर दुपारी राइडच्या रांगेत उभी पोरं पाय खाजवत असतात. पायांवर पांढरे पट्टे असलेले डास आहेत, म्हणजे एडिसच, डेंगीवाले, त्यामुळे जीवाला घोर लागलाय.

वरून एकच उत्तर येतं, फॉगिंग वाढवा. पण धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना ढिम्म काही होत नाही आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार.

तळ्यात गप्पी मासे सोडलेत, तिथे अळ्या नाहीत. पंप आणि क्लोरीन चालू असलेल्या पूलमध्येही नाहीत. सापडतात कुठे तर फायबरच्या खोट्या खडकांच्या खाचांत, उलट्या न ठेवलेल्या ट्यूबमध्ये, ताडपत्रीच्या घड्यांत. परवा एका खाचेत टॉर्च मारला तर जेमतेम वाटीभर पाणी आणि त्यात अळ्याच अळ्या, उजेड पडला की वळवळत तळाला जातात. उपसून टाकलं तरी एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्महिने टिकतात, पाणी आलं की परत फुटतात.

फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड १९७१ ला दलदलीच्या जागेत उघडलं, पण तिथे सुरुवातीलाच कालवे खणून पाण्याला वाट करून दिली होती, आमच्याकडे बांधताना हा विचारच झाला नाही. आता बांधून झालेल्या शेकडो खाचांचं काय करू? बीटीआय (पाण्यातल्या अळ्या मारणारं जिवाणूंपासून बनवलेलं औषध) टाकत राहू की खाचा बुजवून टाकू? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: आधी खाचेच्या तळाला ड्रिलने भोक पाडा, पाणी आपोआप निघून जाईल. जिथे भोक जमत नाही तिथे सिमेंट भरा. दोन्ही जमत नाही तिथेच बीटीआय, त्याने मासे-माणसांना त्रास नाही, पण पावडरपेक्षा हळूहळू विरघळणाऱ्या वड्या घ्या, महिनाभर चालतात. अंड्यांसाठी कडा ताठ ब्रशने घासायच्याच, त्याला पर्याय नाही. आणि ट्यूब, ताडपत्र्या दर आठवड्याला एकाच माणसाकडे द्या, सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच करत नाही.