वयापेक्षा हिरड्या बघा, आणि रिटेनर विसरू नका
"चाळिशीनंतर हाड पक्कं होतं, मग दात हलणार कसे?" मोठेपणी दात सरळ करायला तारा लावाव्यात का, या चर्चेत वर कुणीतरी मांडलेला हा मुद्दा मला पटला नाही. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथलं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं. हे कुठल्याही वयात होतं, मोठेपणी जरा सावकाश, इतकंच. खरी अट हिरड्यांची आहे. त्या सुजलेल्या असतील, हाड झिजलेलं असेल तर आधी त्यावर उपचार, मगच तारा.

रिटेनरबद्दल, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाबद्दल, मात्र कुणीच लिहिलं नाही, म्हणून सांगते. तारा निघाल्या तरी हिरड्यांमधले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढतच असतात. ते रुळायला वर्षभरही लागू शकतं. माझ्या खालच्या दातांना आतून एक बारीक तार कायमची चिकटवली आहे. तिथे नेहमीसारखा फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा दोरा) जात नाही, कडक टोकाचा घेऊन तारेखालून ओवावा लागतो. वरच्या दातांसाठी रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर आहे. काही रात्री घालायचा राहिला की परत बसवताना दात लगेच आवळतात, म्हणजे तेवढ्यात ते सरकलेले असतात! रिटेनर किती वर्षं घालायचा आणि तुटला तर काय, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्या.