महिनाअखेर : तुमच्याकडे काय शिजायचं?

कडीपत्ता

काल सासूबाई सहज म्हणाल्या, "महिनाअखेर आलीय, आज पिठलंच टाक." तर माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, "महिनाअखेर आणि पिठल्याचा काय संबंध?" मला सांगताच येईना. याच्या लेखी पगार म्हणजे बाबांच्या फोनवर वाजणारं टिंग. आणि साखर संपली की दहा मिनिटांत दारात.

डोंबिवली, १९८९. बाबांचा पगार सात तारखेला व्हायचा, त्यामुळे आमचा महिना सातला सुरू आणि पुढच्या सहाला संपायचा. यादी कालनिर्णयाच्या फाडलेल्या पानामागे. वाण्याकडून पुड्या आल्या की दोरा रिळाला, कागद गादीखाली. पण मला आठवते ती तेलाची बरणी. काचेची, उंच. आईने तिच्यावर लाल नेलपॉलिशने चार रेघा मारल्या होत्या, चार आठवड्यांच्या. (आईने आयुष्यात नखं रंगवली नाहीत. ती बाटली या रेघांसाठीच होती.) पहिल्या रेघेपर्यंत पुऱ्या, वडे, काचऱ्या. दुसऱ्या रेघेला परतलेल्या भाज्या. तिसरीला मटकी, चवळी, वाल. चौथीच्या खाली कढी, कुळथाचं पिठलं, मेतकूट-भात.

एकदा चौथ्या आठवड्यात मामा सहकुटुंब आला. आईने पुऱ्या तळल्या. ते गेल्यावर बरणीत तळाला नुसती चमक उरली होती. पुढचे चार-पाच दिवस आमटीला फोडणी नाही. कच्चा लसूण आणि हिरवी मिरची ठेचून उकळत्या आमटीत टाकायची. त्याला आम्ही 'लसणीची आमटी' म्हणायचो आणि कॉलेजात जाईपर्यंत मला वाटायचं की हा एक खास पदार्थ आहे. मैत्रिणीच्या आईला मी त्याची रेसिपीसुद्धा दिली होती!

तुमच्याकडे काय होतं? आणि आता आठवड्याचं ठरवून करता की रोज सकाळी ओट्यापाशी उभं राहून? तेही लिहा.

शेवटची लोकल
नेलपॉलिश!! 😂 आमच्याकडे साखरेच्या डब्यात आतून हाताचा ठसा असायचा. कुणी खाल्ली की ठसा मोडलेला दिसायचा. चोर कायम मीच.

वऱ्हाडी ठेचा
पिठलं महिनाअखेरचं?? आमच्याकडे पाहुण्याला करतात पिठलं-भाकर. तुम्ही लोक काय गरिबी लावता त्याला.

चुलीवरचा चहा
वरणफळं. बास. उरलेलं वरण, उरलेली कणीक, वरून तूप असेल तर तूप. भाजीचा प्रश्नच नाही.

सोलापुरी चादर
^ त्याला चकोल्या म्हणतात.

चुलीवरचा चहा
वरणफळं.

गुज्जू शेजारीण
शेजारच्या बा डाळढोकळी म्हणतात हो. मी काही बोलत नाही, दोन्हीकडून वाटी येते.

आगोटवाली
आमचा हिशोब महिन्याचा नव्हताच, पावसाचा होता. अलिबागजवळचं गाव. मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायची. सुके बोंबील, जवळा (बारीक सुकी कोलंबी), थोडे सोडे (सोलून सुकवलेली कोलंबी), मीठ, चिंच, वर्षाचा मसाला, पांढऱ्या कांद्याच्या माळा. जूनमध्ये बोटी बंद, त्यात पाऊस. नारळी पौर्णिमेपर्यंत यावरच काढायचं. माझी आजी जवळा वाटीने नाही, मुठीने मोजायची, आणि मूठ तिचीच. सुनांच्या मुठी मोठ्या म्हणे. कांदा-जवळा, जवळा घातलेली वांगी, जवळ्याची चटणी, उरला तर भाकरीवर पसरून. सोडे फक्त जावई आला तर. आता सोड्यांचा भाव ऐकून मीच जावयासारखी बसते दुकानात, चहा पिऊन परत.

मडगावकर
आमच्याकडे याला पुरुमेंत. मडगावला मे महिन्यात पुरुमेंताचं फेस्तच, म्हणजे जत्राच, भरतं. मिरची, सुकं, चिंच, सोलं, सगळं तिथे. आई म्हणायची, फेस्ताला गेलो नाही तर जुलैत शेजाऱ्याचं तोंड बघावं लागेल. सध्या बाजारातच आहे, नंतर लिहितो.

द्राक्षाची वेल
वाचतेय सगळ्यांचं, छान वाटतंय. पण एक लिहू का, रागावू नका. निफाड तालुका. आमच्याकडे महिनाअखेर नव्हती कारण महिनाच नव्हता. किराणा उधारीवर आणि वाण्याला शब्द ठरलेला, "कांद्यावर देऊ." कांदा विकला गेला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात यायची. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं कापलेलं. वडील पट्टी वाचताना आम्ही भावंडं त्यांच्या तोंडाकडे बघायचो, त्यावरून कळायचं दिवाळीला कपडे आहेत की नाहीत. २०१९च्या डिसेंबरात शहरात कांदा शंभरवर गेला तेव्हा माझ्या ऑफिसात सगळे म्हणत होते, तुमची मजा आहे. अहो, परतीच्या पावसाने शेतातच सडला होता तो, म्हणूनच शंभर झाला ना! विकायला होतं काय आमच्याकडे. मी स्वतः त्या महिन्यात पुण्यात बिनकांद्याची भाजी केली, शेतकऱ्याची पोर असून.
रागाने नाही लिहिलं. लिहिता लिहिता लांबलं.

कडीपत्ता
वेल, रागावणार कशाला. बरं केलंस लिहिलंस. आमच्या बरणीच्या पलीकडचं कधी डोक्यातच येत नाही.

वऱ्हाडी ठेचा
कापसाचंही हेच. 🙏

तूरडाळ हरवली
२०१५ आठवतंय का कुणाला? तूरडाळ दोनशेच्या घरात. माझं नुकतं लग्न झालं होतं, सासरी सहा माणसं, दोन्ही वेळा आमटी. मी गुपचूप अर्धी मसूर घालायला लागले. रंग बदलू नये म्हणून हळद जास्त. लाल भोपळ्याची एक फोड कुकरमध्ये डाळीबरोबरच, घोटली की दाट होते, कळत नाही. सासरे म्हणायचे, सूनबाईच्या हाताला चव आहे. अजून तशीच करते. आता तर तूर परवडते तरी.

शेवटची लोकल
सासरे हे वाचत नाहीत ना?

तूरडाळ हरवली
त्यांना मोठ्या अक्षरातला पेपरच जेमतेम वाचता येतो. 😄

नाना
पोरींनो, तुमच्या वयाला हे सगळं गमतीचं वाटतं, वाटू दे. १९७२च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा. रेशनवर मिलो मिळायचा. लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. भाकरी थापताना कडा फाटत, आणि थंड झाली की चामड्यासारखी. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई, तिथे सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळे. ती स्वतः न खाता पदराच्या गाठीत आणायची. आम्ही गाठ सुटायची वाट बघत बसायचो. आठवड्याचं काय ठरवायचं, दिवसाचं ठरत नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात पाच किलो शाळू आणला, पांढरीशुभ्र ज्वारी. आईने तो दोन दिवस नुसता सुपात ठेवला होता.

आगोटवाली
नाना 🙏 सुपात ठेवलेला शाळू दिसला डोळ्यासमोर.

म्युनिकची मेथी
इथे रविवारी दुकानं बंद. सगळी. आल्यावर पहिल्याच रविवारी मी पिशवी घेऊन आरामात बाहेर पडले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्या दिवशी घरात दोन बटाटे आणि विमानातलं लोणच्याचं पाकीट होतं. तेव्हापासून शनिवारी यादी केल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. तुर्की दुकानात लाल मसूर, काबुली चणे आणि कोथिंबिरीची भलीमोठी जुडी मिळते, त्यावर आठवडा. सोम मसूर आमटी, मंगळ छोले, बुध उरलेल्या छोल्यांचे पॅटिस, गुरु खिचडी. शुक्रवारी कोथिंबीर मान टाकते, म्हणून कोथिंबीरवडी. वडीसाठी नाही, कोथिंबिरीसाठी. भारतात असताना आईला "रोज काय ती यादी" म्हणून हसायचे. हसा आता मला.

मेसचा शेवटचा मेंबर
पुण्यात मेसला रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी. म्हणून दुपारीच दोन वेळचं जेवायचं हे आमचं साप्ताहिक नियोजन. धन्यवाद.

शेवटची लोकल
मालक दुपारी तुला बघून गुलाबजाम आत नेत असेल.

पार्ल्याची पिशवी
आमच्याकडे ग्राहक पंचायत. मुंबई ग्राहक पंचायत, १९७५ची. आमच्या बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या घरांचा मिळून एक संघ होता. मागणीपत्रक आधीच भरून द्यायचं, मग महिन्याचं सामान एका घरी उतरायचं आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं. आमची पाळी आली की हॉलमध्ये पोती, साबण, डाळी, आणि सगळ्या काकवा. मला अभ्यासाला सुट्टी! महत्त्वाचं काय की तीन आठवडे आधी ठरवावं लागायचं, पुढच्या महिन्यात किती पोहे खाणार. आईचा अंदाज पावशेराने चुकायचा नाही. मी ॲपवर 'डिलिव्हरी फुकट व्हायला अजून ४१ रुपयांची खरेदी करा' दिसलं की बिस्किटं टाकते. महिनाअखेरीस माझ्याकडे तेल नसतं, बिस्किटं असतात.

चुलीवरचा चहा
४१ रुपयांसाठी ६० ची बिस्किटं 🙋 मीपण

गुज्जू शेजारीण
माझ्या दुकानात पाकिटात रोख ठेवायची मी. दर आठवड्याला भाजीचे सातशे. संपले की संपले. फोनवरून द्यायला लागल्यापासून भाजीवाला पैसे सांगतो ते ऐकूच येत नाही.
*माझ्या दुकानात नाही, कपाटात. फोनच लिहितो काहीही.

सोलापुरी चादर
आता करते ते सांगते. शनिवारी रात्री साडेआठनंतर मंडई. उरलेला माल भाजीवाल्यांना घरी न्यायचा नसतो. पालेभाजी रवि-सोम संपवायची, मग वांगी-भेंडी, मग फ्लॉवर-कोबी, आठवड्याच्या शेवटी दुधी, भोपळा, कारली, ती दम धरतात. मूग-मटकी रविवारी भिजत, मंगळवारी मोड. हे सगळं फ्रीजवर लिहून चिकटवलंय. नवरा ते वाचतो आणि विचारतो, आज काय आहे? आणि शेंगदाण्याची चटणी कायम. चटणी संपली म्हणजे महिनाअखेर, तारीख कुठली का असेना.

वऱ्हाडी ठेचा
शेंगा चटणी सोलापूरचीच. हे मान्य. चकोल्याही मान्य.

चुलीवरचा चहा
फितूर.

मेसचा शेवटचा मेंबर
कडीपत्ता ताई, महिन्याला तेल किती होतं त्या बरणीत?

कडीपत्ता
चार किलो, पाच माणसांत. मजा म्हणजे आता डॉक्टरांनी मला दरमाणशी अर्धा लिटर सांगितलंय. आईची चौथी रेघ आता ते मारतात, फी घेऊन.

पार्ल्याची पिशवी
😂😂 आणि फोडणीशिवायच्या आमटीला डाएट म्हणतात.

कडीपत्ता
ऐका, आत्ता आईला फोन केला. ही सगळी बरणीची, लसणीच्या आमटीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाली, "तेल होतं की. बाबांना खोकला झाला होता म्हणून फोडणी बंद ठेवली होती." म्हटलं, आणि तळाला चमक? तर म्हणते, "तू लहान होतीस, तुला काय दिसणार." मी अकरा वर्षांची होते!!

आगोटवाली
माझ्या आजीलाही विचारलं असतं तर म्हणाली असती, सुनांना जवळा आवडायचाच नाही.

नाना
बाबांना खोकला होता, असंच धरून चाल.

कडीपत्ता
हो नाना.

म्युनिकची मेथी
मध्येच विचारते, वरणफळांना कणीक पोळीसारखी सैल की पुरीसारखी घट्ट? आज शुक्रवार, कोथिंबीर आहेच, वरणही उरलंय.

चुलीवरचा चहा
घट्ट. आणि वरण उकळतं हवं, एकेक सोड, एकदम नको, गोळा होतो.

सोलापुरी चादर
चकोल्यांना पुरीसारखी घट्ट, थोडं तेल घालून. आणि कढीलिंब विसरू नकोस. कुकर झाला, जाते.