सल्ला हवा: युकेत गाडीशिवाय एक वर्ष – लीड्स, नॉटिंगहॅम की मँचेस्टर?

ठाण्याची_मनीषा
नमस्कार मंडळी. मुलीला (वय २३) सप्टेंबरपासून एका वर्षाच्या मास्टर्ससाठी वरच्या तिन्ही ठिकाणी प्रवेश मिळालाय. लंडन यादीत नाही. शहरातल्या प्रवासाला महिना ६० पौंड, त्यावर एक पेनी नाही. व्हिसाच्या नियमाने सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, म्हणजे तीन संध्याकाळच्या पाळ्या, त्यातली एक रविवारी. सुटायला रात्रीचे अकरा. बस-ट्राम कुठे बरी? पास कुठला काढावा? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टेम्सकाठचा_नाना
लंडनच घ्या हो. बसचं भाडं १.७५ (२०२५ चा दर), तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच. रात्री एन-वाल्या बस आहेत. बसमध्ये रोख २०१४ पासून घेतच नाहीत, कार्ड टेकवा आणि बसा. सोमवार ते रविवार हिशेब आपोआप होतो: मधल्या १-२ झोनचा आठवडी कॅप (कमाल वसुली, त्यापुढे फुकट) ४४.७०, नुसत्या बसचा २४.७० (२०२५ चे दर). ओयस्टरला (लंडनचं प्रवासकार्ड) १६-२५ रेलकार्ड (तरुणांचं रेल्वे सवलतकार्ड) जोडून घेतलं तर गर्दीच्या वेळेबाहेर ट्यूबला (भुयारी रेल्वे) एकतृतीयांश सूट. बँकेच्या कार्डाला ते जोडता येत नाही, म्हणून ओयस्टर.

रविवारची_बस
नाना, "लंडन यादीत नाही" हे तिसरंच वाक्य आहे. आणि ६० पौंडांत तुमचा नुसता बसचा कॅपसुद्धा बसत नाही.

बीस्टनकर
नॉटिंगहॅम. डोळे मिटून.
ट्राम २००४ पासून आहे, २०१५ मध्ये आणखी दोन फाटे झाले. टोटन लेनचा फाटा क्वीन्स मेडिकल सेंटर आणि विद्यापीठावरून बीस्टनला जातो, क्लिफ्टनचा वेगळा. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाला असेल तर कुठला कॅम्पस ते आधी विचारा, क्लिफ्टन कॅम्पसला दुसरा फाटा लागतो. नॉटिंगहॅम विद्यापीठ असेल तर ट्राम दक्षिणेच्या फाटकाशी सोडते, पुढे चढ आहे. थेट आत जायला ३४ नंबरची ऑरेंज लाइन. कॅम्पस-कॅम्पसमध्ये विद्यापीठाची फुकट हॉपर बस आहे, तिचा पास काढावा लागत नाही.
दोन गोष्टींत नवखे फसतात. ट्राममध्ये तिकीट मिळत नाही, ते चढण्याआधी थांब्यावरच्या यंत्रातून किंवा अ‍ॅपवर काढायचं, नाहीतर दंड. आणि तिथल्या सिटी बसमध्ये रोख दिलीत तर मोड परत येत नाही. पाच पौंड टाकले की पाच पौंड गेले.

हेडिंग्लीवाला
लीड्सला उगाच नावं ठेवतात. हेडिंग्लीतून १ नंबर सरळ विद्यापीठावरून गावात. हेडिंग्ली आणि बर्ली पार्क अशी दोन रेल्वे स्टेशनंही आहेत. शहर चालण्याजोगं आहे, स्टेशन ते विद्यापीठ पायी वीस मिनिटं. ट्रामवाचून कुणाचं अडलेलं नाही.

लोहमार्ग
अडलेलं नाही कसं? १९५९ ला ट्राम काढून टाकली. नव्या ट्रामचा, म्हणजे सुपरट्रामचा, कायदा १९९३ ला झाला, २००१ ला मंजुरी आली आणि २००५ मध्ये वाहतूकमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी खर्च वाढला म्हणून रद्द केली. मग ट्रॉलीबसची (वरच्या विजेच्या तारेवर चालणारी बस) योजना काढली, ती २०१६ ला फेटाळली. २०२१ मध्ये एचएस२ या अतिजलद रेल्वेचा लीड्सकडचा फाटा गेला. आता वेस्ट यॉर्कशरला (लीड्स ज्यात येतं तो परगणा) ट्रामसकट वाहतुकीसाठी २.१ अब्ज पौंड जाहीर झालेत. ती ट्राम ताईंच्या मुलीच्या एका वर्षात येत नाही.

पण ताई, तुमचा प्रश्न ट्रामचा नाहीच. रात्री अकराची बस कोणाच्या हातात आहे, हा आहे. २६ ऑक्टोबर १९८६ ला लंडन सोडून ग्रेट ब्रिटनभर बसचं नियंत्रण उठलं. मार्ग, वेळा, भाडं सगळं कंपनी ठरवते. फायद्याच्या फेऱ्या ती स्वतः चालवते. रात्रीच्या आणि रविवारच्या बऱ्याच फेऱ्या तोट्यात असतात, त्या हव्या असतील तर स्थानिक प्रशासनाने पैसे मोजून निविदेवर चालवून घ्यायच्या. वरून अनुदान कापलं की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. दिवसा दहा मिनिटांनी येणारी बस रविवारी रात्री तासाने का येते, ते यातच आलं.

कृष्णाकाठ
+१. शिवाय एका कंपनीचं स्वतःचं तिकीट दुसऱ्या कंपनीच्या बसमध्ये चालत नाही. लीड्समध्ये फर्स्ट कंपनीचं तिकीट घेऊन अरायव्हा कंपनीच्या बसमध्ये चढलात की नवे पैसे. सगळ्यांवर चालणारं हवं असेल तर एम-कार्ड, ते जरा महाग. फक्त एकच मार्ग लागणार असेल तर एम-कार्डाच्या फंदात पडू नका.

एडिनबराची_सई
स्कॉटलंडला पाठवा! २०२२ पासून २२ वर्षांखालच्यांना बस फुकट, परदेशी विद्यार्थ्यांनाही, तिथे राहत असले की झालं. लोथियन बस पालिकांच्या मालकीची आहे, त्यामुळे सेवा उत्तम. ग्लासगोत सबवेसुद्धा आहे, १८९६ पासूनची.

रविवारची_बस
सईताई, मुलगी २३ ची. आणि ती १८९६ ची सबवे रविवारी संध्याकाळी सव्वासहाला कुलूप लावते. अकराला सुटणाऱ्या मुलीने करायचं काय?

लोहमार्ग
अवांतर: फुकट प्रवास बसपुरता आहे, एडिनबराच्या ट्रामला नाही. त्या ट्रामवर ३७.५ कोटी पौंडांचा अंदाज ७७.६ कोटींवर गेला आणि रूळ मूळ आराखड्यापेक्षा कमी पडले. मूळ आराखड्यातल्या न्यूहेवनपर्यंत पोचायला २०२३ उजाडलं.

एडिनबराची_सई
पण पोचली ना? लीड्सच्या कागदावरच्या ट्रामपेक्षा बरी.

हेडिंग्लीवाला
🙄

मधमाशी_M14
मँचेस्टर राहिलं की. ५ जानेवारी २०२५ पासून सगळ्या ग्रेटर मँचेस्टरच्या बस पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्यात. मार्ग आणि भाडं प्राधिकरण ठरवतं, कंपन्या फक्त कंत्राटावर चालवतात. सगळ्या पिवळ्या. एकेरी २ पौंड, तासाभरात बस बदलली तरी तेवढेच. फॅलोफील्ड ते विद्यापीठ १४२, १४३, थांब्यावर वेळापत्रक बघायची गरज नाही. दिवसाचा कॅप ५, आठवड्याचा २०, २८ दिवसांचा पास ८० (सगळे २०२५ चे दर).

कृष्णाकाठ
८० म्हणजे ६० पेक्षा जास्त.

मधमाशी_M14
२० पौंडांनी काय होतंय? सेवा बघा.

ठाण्याची_मनीषा
२० पौंडांनी बरंच होतं, दादा.

बीस्टनकर
मँचेस्टरच्या मेट्रोलिंक ट्रामचं एवढं कौतुक होतं, पण विद्यापीठाच्या ऑक्सफर्ड रोडवर ट्राम नाही. सेंट पीटर्स स्क्वेअरला उतरा आणि चाला. नॉटिंगहॅमने पैसाही स्वतः उभा केला: २०१२ पासून ज्या मालकाकडे ११ किंवा जास्त पार्किंगच्या जागा आहेत त्याच्याकडून दर जागेमागे वर्षाला कर, सुरुवातीला २८८ पौंड. तो पैसा ट्रामच्या दुसऱ्या टप्प्याला गेला.

टेम्सकाठचा_नाना
लंडनने एलिझाबेथ लाइन या रेल्वेसाठी मोठ्या व्यवसायांवर जागेच्या करमूल्याच्या दर पौंडामागे दोन पेन्स अधिभार लावला होता, नॉटिंगहॅमच्याही आधी.

बीस्टनकर
लंडनला मागितलं की मिळतं.

फॉरेक्स_बाबा
धागा भरकटतोय म्हणून मुद्द्याचं. भारतीय कार्ड नेणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये "आंतरराष्ट्रीय" आणि "कॉन्टॅक्टलेस" ही दोन्ही बटणं चालू करा. नव्या कार्डावर ती मुळात बंद असतात आणि बसच्या दारात लाल दिवा लागतो. प्रत्येक व्यवहारावर परकीय चलनाचा अधिभार पडतो, म्हणून पोचल्यावर तिथलं खातं उघडून तेच कार्ड वापरावं. आणि सकाळी कार्ड, संध्याकाळी त्याच कार्डाचं फोनमधलं रूप असं करू नका. यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात, कॅप कधीच लागत नाही.

रविवारची_बस
आता घर भाड्याने घेण्याआधीची तपासणी. सगळ्या शहरांना लागू:
बसटाइम्स डॉट ऑर्ग उघडा, मार्ग शोधा, तारीख पुढच्या *रविवारची* टाका आणि तक्ता शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवा. शेवटची गाडी किती वाजता हे तिथे दिसतं. परतीच्या दिशेचाही तक्ता बघा, तो निराळा असतो. मग नकाशावर गाड्या प्रत्यक्ष हलताना दिसतात का बघा. थांब्यावरच्या पाटीवर मिनिटं न दिसता नुसती घड्याळाची वेळ दिसत असेल तर ती बहुधा कागदावरची वेळ असते, गाडीचा पत्ता त्यात नसतो. बस येताना दिसली की हात पुढे करा, नाहीतर निघून जाते. लंडनबाहेर बहुतेक बसना एकच दार, आधी उतरणारे मग चढणारे आणि चालकच तिकीट देतो. गर्दीच्या वेळी एकेका थांब्यावर याचीच मिनिटं जातात, म्हणून वर्गाला एक बस आधीची धरायची.
रेलकार्ड (३५ पौंड) बसच्या साध्या तिकिटाला उपयोगाचं नाही. रेल्वेलाही कामाच्या दिवशी पहाटे साडेचार ते दहा किमान भाडं १२ पौंड, जुलै-ऑगस्ट सोडून. महिन्याला एखादी लांबची फेरी असेल तरच काढा.

मधमाशी_M14
हेच सांगणार होतो. कार्ड आणि फोन वेगळे मोजतात, लक्षात ठेवा.

ठाण्याची_मनीषा
सगळ्यांचे आभार, नानांचेही. मतं मोजली तर तिन्ही शहरांना एकेकच. पण मुलीने लीड्स नक्की केलं. अभ्यासक्रम तिथला हवाय आणि हॉल (वसतिगृह) कॅम्पसपासून पायी सात मिनिटांवर मिळतोय, तेव्हा वर्गाला बसच नाही. राहिल्या तीन पाळ्या. वेस्ट यॉर्कशरचा एकेरी कॅप (एका फेरीचं कमाल भाडं) २०२५ च्या दराने २.५० धरला तर जाऊन-येऊन ५, आठवड्याला १५, चार आठवड्यांचे ६०. पासच काढत नाही. रविवारचा तक्ता बघितला, एका मार्गाची शेवटची बस अकराच्या आधीच जाते, म्हणून त्या बाजूची नोकरी धरायची नाही असं ठरलंय.

हेडिंग्लीवाला
😎 सांगत होतो. १ नंबर.

लोहमार्ग
ताई, पाचव्या आठवड्याचं गणित धरलंत का? काही महिन्यांत ७५ होतील.

ठाण्याची_मनीषा
धरलं. त्या महिन्यात सहा फेऱ्या चालत.

टेम्सकाठचा_नाना
लंडनचा विचार अजून करता येईल.